क्रमवारीत दोनशेच्या खाली असलेल्या महिला टेनिसपटूंचे अर्थकारण

प्रश्न: जागतिक क्रमवारीत २०० ते ४०० यांदरम्यान वर्षानुवर्षे खेळणाऱ्या महिला टेनिसपटूंचा खर्च कसा भागतो?

प्रतिसाद १: केवळ बक्षिसांवर तो सहसा भागत नाही. महिलांच्या व्यावसायिक टेनिसमधील सर्वांत खालच्या स्तराच्या, म्हणजे डब्ल्यू-१५ स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर असते आणि ते एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत विभागले जाते. प्रवास, निवास व प्रशिक्षकाचा खर्च मात्र खेळाडूनेच सोसायचा असतो. म्हणून बहुतेकींचे लक्ष ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीकडे असते, कारण तिथे पहिल्याच सामन्यात हरले तरी मिळणारी रक्कम डब्ल्यू-१५ च्या विजेतेपदाहून कितीतरी मोठी असते.

प्रतिसाद २: यात दुखापतीचा मुद्दा मला सर्वाधिक गंभीर वाटतो. क्रमवारी ठरवणारे गुण ५२ आठवडेच टिकतात, त्यामुळे काही महिने कोर्टाबाहेर राहिलेल्या खेळाडूची क्रमवारी घसरते आणि तिला पुन्हा लहान स्पर्धांपासून सुरुवात करावी लागते.

प्रतिसाद ३: तरीही दार बंद नसते. अर्जेंटिनाची नादिया पोदोरोस्का २०२० मध्ये १३१व्या क्रमांकावर असताना पात्रता फेरीतून फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली होती. अशा खेळाडूंचे सामने रिकाम्या कोर्टवर होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.