अल्सरेटिव्ह कोलायटिस: भरवशाची माहिती कोठे शोधावी?

वैशाली, सिडको

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला गेल्या दिवाळीच्या सुमारास अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज व व्रण येणाऱ्या आजाराचे, निदान झाले. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या सुरू आहेत, शौचातून रक्त जाणे थांबले आहे आणि तो पुन्हा अंबडला कामावर जाऊ लागला आहे. डॉक्टर नीट समजावून सांगतात, परंतु ओपीडीच्या गर्दीत सगळे प्रश्न विचारून होत नाहीत आणि उरलेल्यांची उत्तरे व्हॉट्सॲपवर न मागता येतात. आत्याने पाठवलेल्या व्हिडिओत एका चूर्णाने हा आजार मुळापासून जातो असे सांगितले आहे. मावसभावाच्या मते गहू सोडला की औषधांची गरजच उरत नाही. बरे वाटत असल्यामुळे भावालाही गोळ्या थांबवाव्याशा वाटतात. यातले खरे कोणते, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे?

अनंत, गंगापूर रोड

वैशालीताई, मला क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचा याच जातीचा दुसरा आजार, आहे आणि बरीच वर्षे आहे, म्हणून सुचवतो की काहीही वाचण्याआधी भावाचे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) व बायॉप्सीचे (आतड्याच्या तुकड्याची तपासणी) रिपोर्ट समोर ठेवा. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो, तर क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. त्यामुळे एकासाठी लिहिलेला सल्ला दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. बहुतेक व्हिडिओंत मात्र हे दोन्ही आजार, मूळव्याध आणि आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी व शौचाच्या तक्रारींचा विकार) यांची सरमिसळ केलेली असते. आयबीएसमध्ये आतड्याला व्रण नसतात. अशा रुग्णाला गहू सोडून आराम पडला असेलही, पण त्यावरून तुमच्या भावाच्या व्रणांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

चूर्णाच्या अनुभवकथांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा आजार उफाळतो आणि शमतो, कित्येकदा आपणहून, आणि माणूस नवा उपाय करतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावरच. मग आजार आपल्या चालीने उतरला तरी श्रेय त्या डबीला मिळते. लोक खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखरच बरे वाटलेले असते! गोळ्यांचे मात्र स्पष्ट सांगतो: मेसालामाइन आजार शांत असताना तो शांतच राहावा यासाठीही दिले जाते, त्यामुळे बरे वाटणे हे ते बंद करण्याचे कारण होत नाही.

मेधा, नाशिक रोड

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर अमेरिकेतील 'क्रोन्स अँड कोलायटिस फाउंडेशन' आणि ब्रिटनमधील 'क्रोन्स अँड कोलायटिस यूके' यांची रुग्णांसाठीची पत्रके वाचावीत. औषधांसाठी 'मेडलाइनप्लस' हे अमेरिकी सरकारचे संकेतस्थळ चांगले आहे. एखाद्या उपचाराचा पुरावा कितपत भक्कम आहे हे पाहायचे असल्यास उपचारांवरील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेचे सोप्या भाषेतील सारांश उपयोगी पडतात. मराठीत या तोडीचे फार थोडे सापडते, म्हणून घरातल्या कोणीतरी वाचून इतरांना सांगणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

परदेशी मजकुरातही आपल्याकडचे सगळे सापडत नाही. भारतात आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसू शकतो, त्यामुळे येथील डॉक्टर आधी त्याचा विचार करतात. आहाराच्या पत्रकात भाकरी आणि मिसळ अर्थातच नसते. भावाने काय खाल्ल्यावर त्रास होतो याची वही ठेवली तर डॉक्टरांशी बोलणे सोपे जाईल.

माझी कसोटी अशी की मजकूर कोणी व केव्हा लिहिला, त्यात दुष्परिणाम सांगितले आहेत का आणि शेवटी काही विकायला काढले आहे का, हे आधी पाहावे. घटक न छापलेल्या चूर्णात स्टेरॉइड किंवा जड धातू निघाल्याची उदाहरणे आहेत. भाऊ काही घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांनी आजार उफाळू शकतो.

वैशाली, सिडको

मेधाताई, अनंतदादा, आभारी आहे. रिपोर्टमध्ये 'प्रॉक्टोसिग्मॉयडायटिस' असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

अनंत, गंगापूर रोड

सूज गुदाशय आणि त्याच्या लगतच्या सिग्मॉइड भागापुरती आहे. तेथे मेसालामाइनचा एनिमा थेट पोहोचतो आणि तो गोळ्यांच्या जोडीला अनेकदा दिला जातो. भावाला त्याची गरज आहे का, हे पुढच्या भेटीत पहिल्यांदा विचारा. प्रश्न कागदावर लिहून न्या, म्हणजे गर्दीतही राहून जाणार नाही.