चिऱ्याच्या घराला निळ्या खिडक्या
चिऱ्याच्या घराच्या खिडक्यांना कोणता रंग द्यावा, यावर एकाने सुचवलंय: चिरा म्हणजे जांभा दगड नारिंगी-तांबडा, म्हणून रंगचक्रात (रंग क्रमाने मांडलेल्या वर्तुळात) त्याच्या समोरचा निळा खिडक्यांना द्या. ते पटलं. पण नुसतं समोरचा रंग निवडून भागत नाही. असे दोन रंग सारखेच भडक असले की शेजारी येऊन एकमेकांना आणखी चढवतात; शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच हे मांडलंय. तेव्हा निळा जरा राखाडीकडे झुकणारा घ्या, तोही चौकटी-झडपांपुरताच.

आणि आमच्या रत्नागिरीकडची भानगड वेगळीच. गिलावा नसलेला चिरा पावसात भिजून काळपट होतो, खालच्या थरांवर शेवाळ धरतं (हिरवा रंग फुकटात!). मे महिन्यातल्या उन्हात ठरवलेला निळा जुलैत भलताच उठून दिसतो. शेडकार्ड धरण्याआधी भिंतीच्या अर्ध्या भागावर बादलीभर पाणी मारा, कोरड्या आणि ओल्या दोन्ही चिऱ्यांशी जुळतो तोच घ्या.