नोंदणी नसलेल्या गटाला हवामानाच्या कामासाठी निधी मिळतो का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही गडचिरोलीकडच्या बचत गटातल्या बाया. तेंदूपत्त्याच्या हंगामात दहालाच ऊन सोसवत नाही, म्हणून पुडे मोजायच्या जागी सावली-पाण्याची सोय आणि सामूहिक वनहक्काच्या जंगलात मोहाची रोपं, असं काम धरलंय. यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) इक्वेटर पुरस्कार स्थानिक समूहांसाठी असतो हे ठाऊक आहे. पण परदेशी पैसा म्हटला की २०१० चा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आडवा येतो, अन् सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, संस्थेची सरकारकडची सीएसआर-१ नोंदणी मागतात. आमच्याकडे फक्त गटाचं बँक खातं! एक संस्था मध्ये यायला तयार आहे, पण हिशेब तिच्याच हाती राहील, ते पटत नाही. ग्रामसभेच्या नावाने कुणी अर्ज केलाय का? कागद कोणते लागले? मराठीतला अर्ज चालतो का?