मदत हवी आहे : खापरपणजोबांचं मृत्युपत्र कुठे शोधू, मुंबईत की रत्नागिरीत?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. खापरपणजोबा तांडेल. नारळ-सुपारी भरून मुंबईला जाणारा स्वतःचा मचवा होता त्यांचा, आणि माझगावात एक लहानसं घरही होतं म्हणतात.

यंदा मे महिन्यात माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद सापडला. वर राणीचा छाप, खाली सगळं मोडी. डावा कोपरा कसरीने खाल्लाय, नेमका नंबर असावा तिथलाच. मला मोडीतलं ओ की ठो कळत नाही. गावातल्या एका आजोबांनी भिंग धरून 'शके १८१३' आणि 'मृत्युपत्र' एवढं लावलं, पुढे त्यांनाही अक्षर लागेना. म्हणजे सन १८९१-९२.

आत्या म्हणते, म्हाताऱ्याने मचवा दोघांत वाटला नि त्यावरून कज्जा झाला. दोघे कोण? आमच्या वंशावळीत मुलगा एकच आहे. एवढं विचारलं की आत्या उठून चहा ठेवते.

सातबारा आणि जुने फेरफार काढले, त्यात पणजोबांच्या मागे जाता येत नाही. एका कचेरीत तीन हेलपाटे घातले. "एवढं जुनं दप्तर कोण काढणार, पावसाळा झाल्यावर या." पावसाळा गेला, दिवाळीही गेली.

तर हे मृत्युपत्र कोर्टात गेलं असेल का, नि गेलं असेल तर कोणत्या? कोणी जाणकार आहे का इथे?

प्रतिसाद :
पहिला प्रश्न कोर्टाचा नाही, माझगावच्या घराचा आहे. १८७० चा हिंदू विल्स अॅक्ट मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रांना लागू होता, आणि बाहेर केलेलं असलं तरी मुंबईतल्या स्थावरापुरता लागू होता. घर खरंच त्यांच्या नावावर असेल तर प्रोबेट (मृत्युपत्र शाबीत झाल्याचा कोर्टाचा दाखला) घ्यावं लागलं असणार, आणि तो कागद मुंबई हायकोर्टाच्या वारसा-मृत्युपत्र शाखेत शोधायचा. घर भाड्याचं असेल (आपल्याकडे 'आमचं मुंबईचं घर' म्हणजे बहुतेक वेळा तेच असतं) तर मुंबईचा नाद सोडा. गावाकडे मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हती.

गावाकडे दोन वाटा. एक, दुय्यम निबंधकाचं पुस्तक नंबर ३. नोंदवलेली मृत्युपत्रं त्यात असतात. करणारा मयत झाल्यावर त्या नोंदीची नक्कल अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते, १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७. अर्जात कलम लिहाच, म्हणजे 'पावसाळ्यानंतर या' होत नाही. तेव्हा गुहागर हा चिपळूणचा पेटा (तालुक्याचा पोटविभाग) होता, म्हणून चिपळूणलाही विचारा. दुसरी वाट दिवाणी कोर्टातल्या वारस दाखल्याची. तो १८२७ च्या रेग्युलेशन ८ खाली मिळायचा, आजही त्याच्याखालीच मिळतो. कज्जा झाला म्हणता, तर तिथे कागद असण्याचा संभव आहे.

आणि आडनावाने शोधू नका. अमुक बिन तमुक, मौजे अमुक, असं नाव असेल. इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनाच्या कानावर.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. एक भर. मृत्युपत्र शाबीत झालं की मूळ कागद कोर्टात राहतो, घरी येतं ते मोहोर लावलेलं प्रोबेट, सोबत नक्कल. तुमच्या कागदाचा तळ बघा. साक्षीदारांच्या सह्या एकाच हाताच्या असतील तर नक्कल. वेगवेगळ्या असतील तर मूळ, म्हणजे तो बहुधा कोर्टाची पायरी चढलाच नाही.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातली मृत्युपत्रं आणि मयतांच्या मालमत्तेच्या याद्या आहेत, पण त्यात बहुतेक गोरे. तिथे आधी वेळ घालवू नका. गाव खोती असेल तर बोटखत (खोती गावातल्या कुळांचं जुनं नोंदपत्रक) मात्र काढा, कूळ म्हणून कोणाचं नाव लागलंय ते कळेल.

आणि त्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उजेडात सपाट ठेवून फोटो काढा.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. (सेलोटेप आणून ठेवली होती, कबूल करतो.)

तळ पाहिला. चार साक्षी, चारही हात वेगळे, एकाची शाई पार तांबूस झालीय आणि अक्षर होडीत बसून लिहिल्यासारखं. म्हणजे मूळच.

फोटो पुण्यातल्या एका मोडी वाचकांना पाठवले. त्यांनी मधल्या चार ओळी लावून दिल्या. माझगावच्या घराचा त्यांत उल्लेख नाही. मचव्याचा आहे. आठ आणे पाती (निम्मा वाटा) मुलाला, आठ आणे पाती 'धाकट्या घरास'. धाकटं घर म्हणजे धाकटा भाऊ की दुसरं बिऱ्हाड, हे त्यांना त्या चार ओळींवरून सांगता येईना. उरलेलं पान ते पुढच्या आठवड्यात लावून देणार आहेत.

चिपळूणला सोमवारी जातोय, अर्जात कलम लिहून. आत्याला ओळ वाचून दाखवली. या वेळी चहा ठेवायला उठली नाही. म्हणाली, "त्या घराचं नाव दाभोळात विचार."

दाभोळकडचं कोणी आहे का इथे?