घाना: वेचणी आटोपल्यावर जायचं आहे, जंगल आणि संस्कृती दोन्ही पाहायची

प्रश्न (पांढरकवडा): मंडळी, चौघं जण आहोत, दोघं शाकाहारी. जानेवारी-फेब्रुवारीत बारा दिवस. ताडोबा, टिपेश्वर पाहून झालं, आता हत्ती पाहायचे आहेत. काय बघावं, काय सोडावं?

उत्तर १: आधी पिवळ्या तापाची लस घ्या, बाकी सगळं मागून. अधिकृत केंद्रावरच मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि फोडल्यावर काही तासांत संपवावे लागतात, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच देतात. फोन करूनच निघा. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून धरतात, पुढं आयुष्यभर चालतं. त्यावरचा पासपोर्ट नंबर तपासा. प्रमाणपत्र नसलं तर परत येताना विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. कोणी साठीच्या वर असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्याही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

उत्तर २: भाऊ, महिने बरोबर निवडले. उत्तरेतल्या मोले राष्ट्रीय उद्यानात तेव्हा गवत वाळलेलं असतं अन् पाणी मोजक्या पाणवठ्यांवरच उरतं, त्यामुळं हत्ती तिथं येतात. बंदूकधारी रेंजरसोबत पायी फिरता येतं, ताडोबात हे नाही. मात्र हरमटन वाऱ्याची धूळ असते, दूरचे फोटो धुरकट येतात. अक्रा ते तमाले विमानानं जा, पुढं गाडी ठरवा. ट्रोट्रो म्हणजे आपली काळीपिवळीच, भरल्याशिवाय हलत नाही.

वाटेत लाराबांगाची मातीची मशीद आहे, भिंतीतून लाकडं बाहेर आलेली. ती नीट बघा. मागं कधीतरी तिला सिमेंटचा गिलावा दिला होता. ओल आत अडकली, लाकूड कुजलं. नंतर सिमेंट खरवडून पुन्हा मातीच लिंपली. आपल्याकडं जुन्या मातीच्या घरांना सिमेंट फासणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावं. मुस्लिमेतरांना आत जाता येत नाही, बाहेरूनच.

उत्तर ३: शाकाहाऱ्यांनी 'रेड रेड' मागवा: चवळी पामतेलात शिजवलेली, सोबत तळलेलं केळं. वाआके म्हणजे चवळी-भात. पण वर घालतात त्या शितो नावाच्या काळ्या तिखट चटणीत सुकी मासळी आणि झिंगे असतात. "मांस नको" एवढं पुरत नाही, मासळीही नको हे वेगळं सांगा. देणंघेणं उजव्या हातानंच, हे आपल्याला शिकवायला नको.

प्रश्नकर्ता: दक्षिणेत काय?

उत्तर २: काकुमचा झाडांच्या शेंड्यांवरचा झुलता मार्ग, सात पूल, साधारण ३५० मीटर. फाटक उघडताच जा, सुट्टीच्या दिवशी रांग लागते. तिथं हत्तींची आशा धरू नका, रान दाट आहे. त्याच फेरीत केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले होतात. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतला. गुलामांच्या कोठड्या आहेत, गाइडसोबतच फिरा.

उत्तर १: कुमासीजवळ बोनविरेला केंटेचे, म्हणजे तिथल्या रंगीत हातमाग कापडाचे, माग बघा. पट्टी जेमतेम चार बोटं रुंद निघते, अशा पट्ट्या जोडून वस्त्र होतं. कापूसवाल्यांचं मन तिथं रमेल. कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात दर ४२ दिवसांनी, रविवारी, अक्वासिदे म्हणजे असांते राजाचा दरबारी उत्सव असतो. तारखा आधी काढा आणि तिकीट त्याप्रमाणे ठरवा, उलटं नको.