मदत हवी आहे: पांढऱ्या सिरॅमिक घड्याळावरचे डाग जात नाहीयेत (अर्जंट)

शमा_ठाणे
पांढऱ्या सिरॅमिकचं घड्याळ आहे, त्यावर डाग पडलेत आणि काही केल्या निघत नाहीयेत. सगळं करून झालं. शनिवारी दिरांचा साखरपुडा आहे, घड्याळ सासूबाईंनी हौसेने दिलेलं आहे आणि त्या दिवशी ते हातात हवंच. कृपया "सर्व्हिस सेंटरला द्या" असं लिहू नका, तिथे फोन केला होता, ठेवून घेतो म्हणाले पण कधी मिळेल ते सांगेनात. कुणी घरी केलं असेल तर लवकर सांगा प्लीज.

घड्याळवेडा
डाग कसले? रंग कोणता? केसवर आहेत की पट्ट्याच्या कड्यांवर? केस पूर्ण सिरॅमिक आहे की स्टीलवर पांढरा थर दिलाय? सिरॅमिक चकचकीत आहे की मॅट? आणि "सगळं" म्हणजे नेमकं काय काय लावलंत? एवढं कळल्याशिवाय काही सांगण्यात अर्थ नाही.

बटवा
अगं शमा, एवढं काही नाही त्यात. अर्धं लिंबू घे, त्यावर मीठ टाक आणि चोळ. पाच मिनिटांनी धुवून टाक. आमच्याकडे देवाची भांडी, नळ, बेसिन सगळं यानेच निघतं, चिंचेच्या कोळानेसुद्धा निघतं. विकतच्या केमिकलच्या नादी लागू नकोस.

शमा_ठाणे
@घड्याळवेडा डाग पिवळे आहेत. काचेच्या कडेने आणि मागच्या झाकणाजवळ. पूर्ण सिरॅमिक आहे, स्विस कंपनीचं, सेलवर चालणारं. वरून चकचकीत, बाजूने मॅट. टूथपेस्ट लावली, डिशवॉश लावलं, काही फरक नाही. बाजूला राखाडी रेषापण आहेत पण ते चरे आहेत, त्यांचं काही होणार नाही ते माहितेय, ते सोडून द्या. पिवळ्याचं सांगा.

@बटवा काकू लिंबूपण झालं लावून.

कणकवलीकर
टॉयलेट क्लीनर दोन थेंब इअरबडवर घेऊन लावा. सिरॅमिक म्हणजे शेवटी कमोडचंच मटेरियल ना, त्याला काय होतंय. आणि नाही गेलं तर वरून थोडं ब्लीच. आमच्या हॉटेलात सगळी सिरॅमिकची भांडी ब्लीचनेच पांढरी ठेवतो.

रसायन_मास्तर
कणकवलीकर, हे कृपया कुणी करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हा प्रकार जिवावर बेततो. वेगवेगळी वापरली तरी सिरॅमिकला काही होणार नाही पण घड्याळात स्टीलच्या पिना असतात, चावी असते, मागचं झाकण असतं, क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात.

घड्याळवेडा
+१. शिवाय कमोडचं सिरॅमिक आणि घड्याळाचं सिरॅमिक यांचा नावापलीकडे संबंध नाही. कमोड म्हणजे भाजलेली माती आणि वरून काचेसारखा ग्लेझ. घड्याळाची केस झिर्कोनियम ऑक्साइडच्या (म्हणजे झिर्कोनियाच्या) पावडरीची असते, साच्यात दाबून १४०० डिग्रीच्या वर भाजतात आणि मग हिऱ्याच्या हत्यारांनी घासून आकार देतात. विकर्स स्केलवर कडकपणा साधारण १२०० च्या आसपास, स्टीलचा २०० च्या आसपास. आणि म्हणूनच शमाताई, ते "चरे" मी सोडून देणार नाही. इतक्या कडक वस्तूला घरात वावरताना सहजी चरा पडत नाही. आपटून टवका उडेल, तडा जाईल, पण राखाडी रेषा? शक्यच नाही. रेषेवरून आडवं नख फिरवून बघा, नख अडकतं का?

शमा_ठाणे
नाही अडकत. पण मला पिवळ्याचं विचारायचं होतं.

दुबईकर
राडोचं आहे का? आमच्या वडिलांचं राडो डायस्टार आहे, सोनेरी. त्या काळात गल्फमधून येणारा प्रत्येक माणूस एक तरी घेऊन यायचा. आजही एक चरा नाही त्यावर. सिरॅमिक म्हणजे राडो, बाकी सगळं नंतरचं.

घड्याळवेडा
दुबईकर, डायस्टार सिरॅमिक नाही. ते १९६२ चं मॉडेल, हार्डमेटलचं, म्हणजे टंगस्टन कार्बाइड. राडोचं सिरॅमिक आलं १९८६ मध्ये इंटिग्रल मॉडेलबरोबर, आणि त्याच वर्षी आयडब्ल्यूसी कंपनीनेही तिच्या दा विंची मॉडेलची सिरॅमिक केस काढली होती. पांढरं सिरॅमिक लोकांच्या डोळ्यात भरलं ते शनेलच्या जे१२ मुळे, २००३ मध्ये.

दुबईकर
वडिलांच्या घड्याळावर कधी काही पडलं नाही एवढंच सांगत होतो. मटेरियल काही का असेना, वस्तू चांगली आहे.

सोनारआळी
आमचा पिढीजात धंदा सोन्या-चांदीचा, म्हणून राहवलं नाही. शमाताई, त्याच हातात काही कडं, ब्रेसलेट, बांगडी घालता का?

शमा_ठाणे
घालते, चांदीचं कडं. त्याचा काय संबंध?

सोनारआळी
संबंध तोच आहे. कसोटीच्या दगडावर सोनं घासलं की दगडाला चरा पडत नाही, दगड कडक असतो, सोनं मऊ, म्हणून सोन्याची रेघ दगडावर उतरते आणि त्या रेघेवर आम्ही ॲसिड लावून कस बघतो. तुमचं घड्याळ म्हणजे तो दगड समजा. दिवसभर कडं त्याच्यावर आपटतं, घासतं आणि चांदी त्याच्यावर उतरते. मॅट बाजूवर जास्त उतरणार कारण ती बाजू कानशीसारखी खरखरीत असते. त्या रेषा तुमच्या घड्याळाच्या नाहीतच, कड्याच्या आहेत. कड्याची आतली कड बघा, एका जागी गुळगुळीत झिजलेली दिसेल.

शमा_ठाणे
खरंच झिजलंय!! मला वाटलं होतं घड्याळ कायमचं गेलं. मग ह्या रेषा निघतात?

दंतवैद्य_नगर
निघतात. आम्ही जी पांढरी झिर्कोनियाची कॅप बसवतो ती याच मटेरियलची. धातूचं हत्यार लागलं की त्यावर अशीच राखाडी रेघ उमटते, पेशंट घाबरतो. आम्ही रबर पॉलिशरने एका मिनिटात काढतो. तुमच्या ओळखीच्या डेंटिस्टकडे घड्याळ घेऊन जा, हँडपीसवर (आमच्या फिरत्या हत्यारावर) काम होईल.

घड्याळवेडा
डॉक्टर, मॅट बाजूवर नको. झिर्कोनियाच्या पॉलिशरमध्ये हिऱ्याची पूड असते, मॅटवर फिरवलं तर तेवढाच पट्टा चकचकीत होऊन बसेल आणि तो मात्र परत मॅट होणार नाही. रेघ परवडली पण तो पॅच नको.

दंतवैद्य_नगर
हलक्या हाताने, कमी स्पीडवर केलं तर होत नाही हो. रोज करतो मी.

घड्याळवेडा
तुम्ही कॅप चकचकीतच करायला बसलेले असता. इथे मॅट राखायचंय.

तन्वी_के
मध्येच विचारते, सॉरी. माझ्या पांढऱ्या डिनर सेटवर स्टीलच्या चमच्याच्या राखाडी रेषा पडल्यात, डिशवॉशरमध्येही जात नाहीत. हाच प्रकार का? सेट नवा आहे, परत करावा का?

रसायन_मास्तर
तन्वी, हाच प्रकार, चमच्याचं स्टील प्लेटवर उतरलंय. परत करू नका. ऑक्झॅलिक ॲसिड असलेली क्लीनिंग पावडर मिळते, ओली करून मऊ फडक्याने हलकं चोळा, लोखंड असलेल्या डागांवर ती छान चालते. हातमोजे घाला, पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका आणि प्लेट भरपूर पाण्याने धुवा, पोटात जाण्यासारखी वस्तू नाही ती. शमाताईंना मात्र याचा फारसा उपयोग नाही, कारण चांदी ऑक्झॅलिक ॲसिडला दाद देत नाही. लिंबाला आणि चिंचेलाही नाही. चिंचेने तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर जातो, इथे उतरलीये शुद्ध धातूची रेघ. ती घासूनच काढावी लागेल.

बटवा
आमच्या वेळी चिंचेने सगळं निघायचं. नुसतं पुस्तकातलं सांगू नका मास्तर.

घड्याळवेडा
शमाताई, मेलामाइन स्पंज घ्या, तो पांढरा, मॅजिक स्पंज म्हणून ऑनलाइन मिळतो, क्लीनिंगच्या सामानाच्या दुकानातही असतो. छोटा तुकडा कापून ओला करा, पिळून टाका आणि फक्त राखाडी रेषांवर हलकेच फिरवा, जोर नको. स्पंजच काळपट होत जाईल, म्हणजे चांदी त्यावर येतेय. काचेला लावू नका, काही घड्याळांच्या काचेवर बाहेरूनही अँटिरिफ्लेक्टिव्ह (चकाकी कमी करणारा) थर असतो, तो जाऊ शकतो. स्टीलच्या चकचकीत भागालाही नको, तिथे धूसर होईल. सुरू करण्याआधी चावी पूर्ण आत दाबलेली आहे ना ते बघा. स्पंज मिळेपर्यंत साधा पांढरा खोडरबर फिरवून बघा, फिक्या रेषा त्यानेही जातात.

आणि पिवळ्या डागांचं, साबणाने धुतलंत तेव्हा रंग बदलला होता का?

शमा_ठाणे
हो!!! लालसर झाला होता. घाबरून लगेच पुसलं आणि मग टूथपेस्टकडे वळले. हे महत्त्वाचं आहे हे मला कसं कळणार.

रसायन_मास्तर
हळद. घड्याळ हातात घालून कुठल्या हळदीला गेला होतात का?

शमा_ठाणे
नणंदेच्या. मीच लावत होते सगळ्यांना.

रसायन_मास्तर
मग प्रश्नच मिटला. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, अल्कलीत (साबण, चुना वगैरेंत) लाल होतं, आपण कुंकू करायला हळदीत चुना घालतो ते यासाठीच. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून नुसत्या धुण्याने जात नाही, अल्कोहोलमध्ये मात्र छान विरघळतं. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इअरबडला नुसता ओलावा द्या, थेंब गळता कामा नये, आणि काचेच्या फटीतून कडेकडेने फिरवा. बड पिवळा झाला की नवा घ्या. सॅनिटायझरची जेल वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन फटीत चिकट बसतं आणि त्यावर आणखी मळ धरतो. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, काचेखालचं गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणारी रिंग) आणि गोंद दोन्ही खराब होतील.

उरलेलं ऊन करेल. कर्क्युमिन प्रकाशात मोडतं, हळदीचा पांढरा शर्ट उन्हात वाळवला की फिका होतो ते सगळ्यांनीच बघितलंय. सकाळचं कोवळं ऊन येतं त्या खिडकीत घड्याळ ठेवा. गच्चीत भर दुपारी तापत ठेवू नका, आत सेल आहे.

कणकवलीकर
हळदीवर खोबरेल तेलपण चालतं. आमच्याकडे हाताची हळद तेलानेच काढतात.

रसायन_मास्तर
हे खरंय, तेलातही कर्क्युमिन उतरतं. हातासाठी उत्तम. घड्याळाच्या फटीत तेल गेलं तर मग तेच काढत बसावं लागेल.

शमा_ठाणे
अपडेट देते. राखाडी रेषा सगळ्या गेल्या, सगळ्या! स्पंजचा तुकडा पाटीच्या पेन्सिलीसारखा काळा झाला आणि खालून मॅट सिरॅमिक जसंच्या तसं निघालं. इतकी वर्षं मी ते चरे समजून घड्याळ लपवत होते, सोनारआळी दादा आणि घड्याळवेडा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पिवळं बऱ्यापैकी गेलं, अल्कोहोलने बड खरंच पिवळे होत होते. मागच्या झाकणाजवळचं पूर्ण गेलं. काचेच्या कडेला एका ठिकाणी केसासारखी बारीक पिवळी रेघ अजून आहे, दोन दिवस खिडकीत ठेवूनही तशीच आहे. तिचं काय करू? उद्या शनिवार आहे.

घड्याळवेडा
ती रेघ सिरॅमिकवर नाही, काचेखालच्या गॅस्केटवर आहे. गॅस्केट प्लॅस्टिकचं किंवा रबराचं, हळद त्यात मुरते. तिथे आता बड, सुई, टूथपिक काही घालू नका, गॅस्केट फाटलं तर पाणी आत जाईल. उद्या तसंच घाला, हातावर असताना कुणाला दिसणार नाही. पुढच्या वेळी सेल बदलायला द्याल तेव्हा काचेचं गॅस्केटही बदलून मागा आणि वॉटर प्रेशर टेस्ट करून घ्या. आणि कडं दुसऱ्या हातात घाला.

सोनारआळी
कडं आतून खूपच झिजलं असेल तर वजन करून बघा ताई. पातळ झालेलं कडं एक दिवस सांध्यात मोडतं.

तन्वी_के
पावडर मिळाली, प्लेट्स स्वच्छ झाल्या. मास्तर, काळ्या मॅट कपांवर चालेल का ही?

दुबईकर
वडिलांच्या डायस्टारचा सेल कुठला लागतो कुणाला माहितेय का?

घड्याळवेडा
ऑटोमॅटिक असेल तर सेलच नसतो दुबईकर. मागच्या झाकणाचा फोटो टाका, पण नवीन धाग्यात.