मदत हवी आहे: दुसरीच्या वर्गात रागाने बेभान होणारं मूल, बाकीचा वर्ग आणि एकटी मी

नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. खोली लहान, बाकांच्या तीन रांगा, मागे कपाट आणि त्याच्या बाजूला खिचडीची पातेली. समुपदेशक वगैरे आमच्याकडे नाही, मदतनीसही नाही. हे आधी सांगते, कारण प्रशिक्षणात "वर्गात एक शांत कोपरा तयार करा" असं सांगतात आणि माझ्या वर्गात कोपरा म्हणजे ती पातेली.

एक मुलगा आहे, सात वर्षांचा. हुशार, गोष्टी तोंडपाठ, चित्र सुंदर काढतो. पण काही बिनसलं की दप्तर फेकतो, बाकाला लाथा मारतो, जवळ गेलेल्याला चावतो आणि शेवटी बाकाखाली जाऊन बसतो. कधी निमित्त पेन्सिल तुटल्याचं असतं, कधी फळ्यावर दुसऱ्याला बोलावल्याचं, कधी तेवढंही नसतं. त्याचं सुरू झालं की मागची रांग ओरडते, "मॅडम, पाहा ना, हा पुन्हा चालू झाला!" हे ऐकलं की तो आणखीच भडकतो.

दुसरी एक मुलगी अगदी उलट. तिला काही लागलं की ती गप्प होते, मान खाली, डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. डबा तसाच परत जातो. तिचा कोणाला त्रास नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षही नाही.

दहापर्यंत आकडे मोजायला सांगून पाहिलं. "दीर्घ श्वास घे" म्हटलं तर तो किंचाळतो, "नाई घेत मी!" वर्गाबाहेर उभं केलं तर फाटकाकडे पळाला, चौकीदाराने धरून आणला. चांदण्यांचा तक्ता लावला. त्याच्या नावापुढे चांदण्या कमी दिसल्या, तर त्याने तक्ताच फाडला. वरून सल्ला मिळतो की दोन लावा, सुतासारखा सरळ होईल. ते मला करायचं नाही आणि शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 प्रमाणे करताही येत नाही. आई म्हणते, "घरी तर काहीच नाही करत जी मॅडम." वडील बुटीबोरीला एमआयडीसीत शिफ्टमध्ये असतात, घर एका खोलीचं, त्यामुळे पोरगा झोपतो तो वडील आल्यावर.

माझी अडचण अशी. भावना ओळखायला शिकवा, श्वास शिकवा, हे सगळं मला पटतं. पण तो पेटलेला असताना, पहिल्या दोन-तीन मिनिटांत, चाळीस जण पाहत असताना मी नेमकं काय करायचं? बाकीच्यांना काय सांगायचं? आणि हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, हे कधी समजायचं? पुस्तकी उत्तर नको, ज्यांनी वर्ग सांभाळला आहे त्यांनी सांगा.

प्रतिसाद (पालक, मानेवाडा):
त्याला एक जुनी उशी द्या. राग आला की उशीला मार म्हणायचं. आमच्याकडे मोठ्यासाठी केलं होतं, मोकळा व्हायचा.

प्रतिसाद:
आमच्या वेळी एक कानाखाली बसली की भावना आपोआप नीट व्हायच्या. आजकाल मास्तरांनाच मुलांची भीती वाटते.

धागाकर्ती:
नीट व्हायच्या की लपायच्या, हा वेगळा धागा होईल. इथे नको.

प्रतिसाद (जि. प. शिक्षक, हिंगणा तालुका):
मॅडम, माझ्याकडे दोन वर्ग एकत्र बसतात, म्हणून तुमची खोली डोळ्यांसमोर आली.

पहिल्या दोन मिनिटांत शिकवायचं काहीच नसतं. तेव्हा "का केलंस", "असं करतात का", "चांगली मुलं", हे सगळं बंद. तो ऐकत नाही, त्याला फक्त तुमचा चढलेला आवाज पोचतो. मी आधी हाताला लागणाऱ्या वस्तू सरकवतो, कंपासपेटी आणि स्टीलची बाटली पहिल्यांदा. मग त्याच्या उंचीला येऊन बसतो, समोर नाही, बाजूला, हातभर अंतर ठेवून. डोळ्यांत डोळे घालत नाही. दोनच वाक्यं, हळू आवाजात: "तुला खूप राग आलाय. मी इथंच आहे." पुन्हा बोलायचंच झालं तर हीच दोन. चावणाऱ्या मुलाला मागून धरू नका, तो नक्की चावेल. दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तेव्हाच हात मध्ये घाला.

बाकाखाली जातो म्हणता, जाऊ द्या. तुम्हाला वर्गात कोपरा सापडत नाही, त्याने त्याचा शोधलेला आहे. तिथे एक बसकर टाकून ठेवा. शांत असताना त्याला सांगा की राग आला तर सरळ इथे येऊन बसायचं, कोणी रागावणार नाही, बाहेर मात्र पळायचं नाही. फाटकापेक्षा बाकाखालची जागा कितीतरी बरी.

आता प्रेक्षकांचं. पोट्टे पाहतात म्हणून तमाशा वाढतो. त्यांना "पाहू नका" म्हणून काही होत नाही, काम द्यावं लागतं. आमच्याकडे खूण ठरलेली आहे: मी डस्टर टेबलावर दोनदा वाजवला की सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून पाढे म्हणायचे, मॉनिटर सुरुवात करतो. याची तालीम आम्ही एरवी, सगळं ठीक असताना, खेळासारखी केली. चाळीस जण बेचा पाढा म्हणत असले की बाकाखालच्याला एकटेपणही वाटत नाही आणि त्याच्यावर नजराही राहत नाहीत.

श्वासाबद्दल. राग आल्यावर "श्वास घे" म्हटलं तर मूल चिडतंच, कारण ते शिकलेलंच नसतं. परिपाठानंतर रोज, कोणालाच राग आलेला नसताना करा. माझी पोरं "तर्री-पोहे" करतात: हाताची ओंजळ म्हणजे प्लेट, नाकाने वास घ्यायचा, मग तर्री गरम आहे म्हणून हळूहळू, लांबलचक फुंकर मारायची. बाहेर सोडायचा श्वास आत घेतलेल्यापेक्षा लांब हवा, सगळी गंमत त्यात आहे. चार-पाच फुंकरा पुरेत. बरेच आठवडे फक्त खेळ म्हणून करा. पुढे त्याच्या बाजूला बसून तुम्ही स्वतः ओंजळीत फुंकर मारा, त्याला "कर" म्हणू नका.

शांत झाल्यावर पाणी द्या. "सॉरी म्हण" लगेच नको. फेकलेलं दप्तर त्याच्यासोबत उचला, ज्याला चावला त्याच्यासाठी काय करता येईल ते त्यालाच विचारा. माझ्या एका विद्यार्थ्याने आपली पेन्सिल टोक करून दिली होती. ती माफी मला पुरली.

प्रतिसाद (मुलांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ):
वरच्या सरांशी सहमत. थोडी भर घालते.

भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. सात वर्षांच्या मुलाकडे तो आवर अजून कच्चा असतो, आणि राग शिगेला असताना जेवढा असतो तेवढाही हाताशी येत नाही. म्हणून या वयात मूल एकटं शांत होत नाही, शांत माणसाच्या सोबतीने होतं. ताई, याचा अर्थ आधी तुमचे खांदे खाली, तुमचा श्वास लांब. चाळीस मुलांसमोर हे सोपं नाही, याची कल्पना आहे.

उशीला मारण्याबद्दल मात्र सावध. हा सल्ला फार लोकप्रिय आहे, पण त्याला आधार नाही. ब्रॅड बुशमन या संशोधकाने 2002 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याचा राग आला त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या थैलीला ठोसे मारणाऱ्यांचा राग निवळला नाही, उलट काही न करता शांत बसलेल्यांपेक्षा ते जास्त चिडलेले आणि आक्रमक राहिले. मोठ्यांवरचा प्रयोग आहे हे खरं, पण राग आला की मारायचं, हा सराव लहानांना तरी का द्यायचा? अंग हलवायचं असेल तर भिंत ढकलणं, पाण्याची बादली उचलून आणणं, मैदानाला फेरी, हे चालेल. त्यात कोणी शत्रू नसतो.

आता तुम्ही लिहिलेलं एक वाक्य: "कधी तेवढंही नसतं." निमित्त असतं, आपल्याला दिसत नाही. एक वही करा. किती वाजले होते, त्याआधी नेमकं काय चालू होतं, आणि नंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली, एवढंच दोन ओळींत लिहा. भूक, झोप, उकाडा, लाईट जाऊन पंखा बंद पडणं, हेही लिहा. काही दिवसांत आकार दिसतो.

त्या मुलीला "शहाणी, त्रास देत नाही" असं कोणी म्हणत असेल तर ते थांबवा. तिला सगळ्यांसमोर "काय झालं" विचारू नका. वर्गासाठी चार चेहरे काढून लावा: राग, भीती, वाईट वाटणं, ठीक. सकाळी येताना प्रत्येकाने एकावर बोट ठेवायचं, बोलायची सक्ती नाही. तिच्यासाठी हेच दार आहे.

आवाक्याबाहेर कधी? स्वतःला इजा करत असेल, दुसऱ्याला जखम होईल इतकं चावत असेल, आठवडे उलटूनही जोर तसाच असेल, आधी येणाऱ्या गोष्टी विसरत असेल किंवा मरण्याबद्दल बोलत असेल, तर थांबू नका. मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समध्ये, या सरकारी रुग्णालयांत, मानसोपचार विभागात दाखवायला सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तुम्ही शिक्षक म्हणूनही फोन करू शकता. घरी मारहाण किंवा काही वेगळा संशय आला तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा या मुलाचं नाव स्वतः पुढे करा.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका, महाल):
पोळा जवळ आला आहे. तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या) दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा सोबत घेऊन जाणारा बाईचा पुतळा, मिरवणुकीने निघते, तुमच्या पोट्ट्यांना "घेऊन जा गे मारबत" शिकवावं लागत नाही. मी वर्गात कागदाची मारबत करायची. प्रत्येकाने आपल्याला काय छळतं ते चिठ्ठीवर लिहायचं किंवा चित्र काढायचं, तिच्या पोटात टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. "अंधाराची भीती घेऊन जा गे मारबत!" एकदा एकाने "बाबाचं ओरडणं" लिहिलं होतं. तेवढ्यावरून मला खूप कळलं.

धागाकर्ती:
हे करणारच! पण हे उशीला मारण्यासारखं तर नाही ना होणार? आणि माझ्या मागच्या रांगेला मी ओळखते. ते त्या मुलाच्याच नावाचा बडग्या (मारबतीसोबत निघणारा पुरुषाचा पुतळा) करतील.

प्रतिसाद (मानसशास्त्रज्ञ):
म्हणूनच नियम आधी सांगा: वर्गातल्या कोणाचं नाव लिहायचं नाही, कागदाच्या मारबतीला मारायचं नाही, बडगे तर नकोच. काय वाटतं ते लिहिणं आणि ते इतरांनाही वाटतं हे ऐकणं, उपयोग त्याचा आहे. चिठ्ठ्या टाकण्याआधी तुम्ही एकट्याने वाचा, मोठ्याने वाचू नका.

धागाकर्ती:
वही सुरू केली. अजून थोडंच लिहिलंय, पण बरेच प्रसंग फळ्यावरचं उतरवून घेताना झालेले दिसतात. तोंडी गणितात एकही नाही. तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो.

प्रतिसाद (जि. प. शिक्षक, हिंगणा तालुका):
डोळे तपासा मॅडम! आजच पुढच्या बाकावर घ्या, चष्म्याची वाट पाहू नका.

धागाकर्ती:
पुढे घेतलं. आता आईशी बोलायचंय. भीती ही की गोष्ट वडिलांपर्यंत "शाळेतून तक्रार आली" अशी पोचेल आणि पोराला मार बसेल.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका, महाल):
मग डायरीत काही लिहू नका आणि फाटकाशी इतर आयांसमोरही बोलू नका. आत बोलवा, बसायला खुर्ची द्या. आधी त्याची चित्रं दाखवा. मग म्हणा, "याला फळ्यावरचं दिसत नाही असं मला वाटतं, डोळे दाखवून घ्या." झोपेचं त्यातच विचारा. दप्तर फेकण्याचं आज काढूच नका.

धागाकर्ती:
शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हाच बोलावते. मेयोतली डोळ्यांची ओपीडी सकाळी किती वाजता सुरू होते आणि मुलाचं आधार लागतं का, कोणी हल्ली जाऊन आलं असेल तर सांगा. आईची रोजी बुडायला नको.